सँटोरिनी चुकलं त्या दिवशी नौपाड्यात

सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी आमच्या टूर मॅनेजरचा जहाजावरून मेसेज आला: ‘कॅप्टनने अनाउन्स केलं. सँटोरिनी कॅन्सल. वारा. आज पूर्ण दिवस समुद्रातच.’ ग्रीसचं घड्याळ सप्टेंबरात आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, म्हणजे तिकडे ७ वाजून १० मिनिटं झाली होती. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या टूर कंपनीच्या ऑफिसचं शटर नुकतंच वर गेलं होतं.

ग्रुप ३४ जणांचा, बहुतेक साठीच्या पुढचे. अथेन्सचं बंदर पिरेअस, तिथून निघून मिकोनोस, तुर्कस्तानातलं कुशादासी, रोड्स, सँटोरिनी, हेराक्लिऑन आणि परत पिरेअस असा मार्ग. ब्रोशरच्या कव्हरवर अर्थातच सँटोरिनी बेटावरची पांढरी घरं. सगळे आलेले त्यासाठीच, आणि नेमकं तेच बंदर चुकलं.

तेच का चुकतं, हे आधी सांगतो, कारण नंतरची निम्मी भांडणं ‘बाकी बंदरं मिळाली, मग हेच कसं नाही?’ या प्रश्नावरून होतात. रोड्सला किंवा हेराक्लिऑनला जहाज धक्क्याला लागतं, जिना टाकला की माणूस जमिनीवर. सँटोरिनीला मोठ्या क्रूझ जहाजासाठी धक्काच नाही. जहाज ज्वालामुखीच्या बुडालेल्या विवरात उभं राहतं. तिथे पाणी इतकं खोल की नांगर टाकण्यात अर्थ नसतो, त्यामुळे बहुतेक जहाजं इंजिन आणि थ्रस्टर (जहाजाला आडवं ढकलणारे पंखे) चालू ठेवून जागा धरून राहतात. प्रवाशांना स्थानिक बोटी येऊन घेऊन जातात. त्याला टेंडरिंग म्हणतात. जहाजाच्या कुशीत पाण्याच्या थोडं वर एक दार उघडतं, बोट त्याला लागते, दोन्ही बाजूंचे खलाशी कोपराला धरतात आणि माणूस पाऊल टाकतो. लाटेने बोट मीटर-दीड मीटर खालीवर होत असेल तर तरुण माणूसही चुकतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकूंचं तर नावच नको.

त्यात वारा. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्टेमी सुटतो, जुलै-ऑगस्टात जोरात आणि सप्टेंबरातही अधूनमधून. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि वारा मात्र ३५ नॉट, म्हणजे ताशी साधारण ६५ किलोमीटर. डेकवर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, एवढ्या छान हवेत कसलं कॅन्सल? पण वाऱ्याचा जहाजावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० नॉटचे २८ झाले की दाब जवळजवळ दुप्पट होतो. तीनशे मीटर लांब आणि पंधरा मजली जहाजाची ती कूस म्हणजे मोठं शीडच. थ्रस्टरची ताकद मात्र तेवढीच राहते.

निर्णय कॅप्टनचा, आणि एकट्याचा. समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार सोलास, त्याच्या पाचव्या प्रकरणात नियमच आहे की सुरक्षेसाठी कॅप्टनला जे आवश्यक वाटेल त्यात जहाजाचा मालक किंवा कंपनी आडवी येऊ शकत नाही. त्यामुळे ‘तुम्ही वर बोला ना’ असं मला कुणी म्हटलं की मी गप्प बसतो. ‘वर’ कुणी नसतंच.

आता त्या दिवसाचे फोन. असा दिवस उगवला की आधी नातेवाइकांना फोन करायचा मोह होतो. करू नये. जिथे मिनिटागणिक पैसा जातोय तिथे पहिला फोन.

पहिला गेला सँटोरिनीच्या स्थानिक ऑपरेटरला. आमच्या ३० जणांसाठी एक कोच आणि एक इंग्रजी बोलणारी गाइड ठरलेली होती. उरलेल्या चौघांच्या कुटुंबाने जहाजाचीच सहल घेतली होती. ऑपरेटरच्या व्हाउचरवर एक ओळ होती: जहाज बंदरात आलं नाही तर पूर्ण पैसे परत. ही ओळ क्रूझ बंदरांवर काम करणारे बरेच ऑपरेटर देतात, पण मागितल्याशिवाय व्हाउचरवर छापून येत नाही. आणि ओळ असली तरी लेखी कळवावं लागतं, वेळेसकट. मी फोन केला आणि लगेच मेल टाकला. सोबत टूर मॅनेजरने पाठवलेला जहाजाच्या अॅपवरच्या सूचनेचा फोटो. कोच गॅरेजमधून निघायचा होता. तो निघून बंदराच्या रस्त्याला लागला असता तर पैसे कदाचित मिळालेही असते, पण पुढच्या सीझनला तोच माणूस आपल्याला कोच देताना दहादा विचार करतो.

रेस्टॉरंटचं तसं नव्हतं. बेटावरच्या फिरा गावात ३० जणांचं भारतीय जेवण, त्यात सहा जैन, निम्मे पैसे आगाऊ. कराराच्या नावाखाली फक्त एक प्रोफॉर्मा इनव्हॉइस (आगाऊ दिलेलं कच्चं बिल), आणि त्यात जहाज न येण्याबद्दल चकार शब्द नाही. फोन उचलला तोही आपल्याकडच्या साडेअकराला. त्याचं म्हणणं, भाजी घेऊन झाली. खरंही असेल. त्याच्याबद्दल पुढे येतो.

दुसरा फोन खरं तर सगळ्यात महत्त्वाचा होता, आणि तो एका सुटकेससाठी. ठाण्याहून निघालेल्या एका काकूंची बॅग आखातातल्या विमानतळावर मागे राहिली होती. अथेन्सला उतरल्यावर टूर मॅनेजरने विमानतळ सोडायच्या आधीच पीआयआर करून घेतला. बॅग न आल्याची ही नोंद. तिचा दहा अक्षरी नंबर असतो: आधी विमानतळाचा कोड, मग एअरलाइनचा, मग पाच आकडे. बॅग अथेन्सला पोहोचेपर्यंत जहाज मिकोनोस सोडून कुशादासीला होतं. अशा वेळी एअरलाइन बॅग पुढच्या बंदराला पाठवते, पण ‘अमुक जहाज’ एवढ्या पत्त्यावर नाही. प्रत्येक बंदरात जहाजाचा एक पोर्ट एजंट असतो. त्याचं नाव, फोन, जहाजाचं नाव, केबिन नंबर आणि जहाज तिथे असण्याची तारीख एवढं दिलं की बॅगेवर रश टॅग, म्हणजे मागे राहिलेली बॅग तातडीने पुढे पाठवायची चिठ्ठी, लागतो. ते सगळं दिलं होतं. बॅग आदल्या संध्याकाळच्या विमानाने सँटोरिनीला जाऊन एजंटच्या ऑफिसात बसली होती. जहाज बेटासमोरून गेलं आणि बॅग बेटावरच राहिली.

बॅगेत साड्या होत्या त्याची चिंता नाही. त्यात ब्लड प्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं आणि काचबिंदूचे ड्रॉप्स होते. हँडबॅगेतला साठा चार दिवसांचा, म्हणजे त्या सकाळी संपलेला.

जहाज आलं नाही की अशा बॅगेचं पुढे काय होतं? कुणी काही सांगितलं नाही तर एजंट ती एअरलाइनच्या काउंटरला परत देतो, आणि एअरलाइन ती प्रवाशाच्या कायमच्या पत्त्यावर, म्हणजे सरळ मुंबईला रवाना करू शकते. प्रवासी अजून ग्रीसमध्ये, बॅग घरी. म्हणून एजंटला आणि एअरलाइनच्या बॅगेज डेस्कला एकाच मेलमध्ये, पीआयआर नंबर विषयात टाकून, लिहिलं: बॅग मुंबईला पाठवू नका, अथेन्सला ठेवा, प्रवासी अमुक तारखेला स्वतः घेईल. एजंटने आधी फेरीबोटीने हेराक्लिऑनला पाठवायचं बघितलं. पण तेवढ्या वाऱ्यात ग्रीसचं तटरक्षक दल फेरीबोटीच बंद करतं, आणि वेगवान बोटी सगळ्यात आधी. विमान मात्र उडत होतं, म्हणून बॅग अथेन्सलाच.

औषधांसाठी ठाण्यातच काम झालं. काकूंच्या फॅमिली डॉक्टरांकडे माणूस पाठवला आणि लेटरहेडवर नवीन चिठ्ठी आणली. त्यात ब्रँडचं नाव नाही, औषधाचं मूळ नाव आणि डोस. आपल्याकडच्या ब्रँडचं नाव ग्रीसमधल्या केमिस्टला काहीच सांगत नाही. जहाजाच्या मेडिकल सेंटरमध्ये डॉक्टर असतो, पण तिथला साठा तातडीच्या उपचारांचा. तपासणी फुकट नसते, बिल केबिनच्या खात्यावर पडतं. डॉक्टरने प्रेशर मोजलं आणि त्याच गटातली दुसरी गोळी दोन दिवसांसाठी दिली. ड्रॉप्स नव्हते. ते दुसऱ्या दिवशी हेराक्लिऑनच्या फार्मसीत त्या चिठ्ठीवर मिळाले. दोन्ही पावत्या जपून ठेवायला सांगितल्या, आणि केबिनच्या बिलातलं मेडिकलचं पानही वेगळं छापून घ्यायला सांगितलं.

एवढं होईपर्यंत नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रण पेटलं होतं. घोडबंदर रोडवरून एका काकांच्या चिरंजीवांचा फोन: “अहो, टूरच्या पैशांतून एका दिवसाचे पैसे वजा करून द्या ना, सरळ हिशोब आहे.” दुसऱ्या एका ताईंचं म्हणणं, पितृपंधरवड्यात निघालात म्हणूनच हे झालं. (मेल्टेमीला आपलं पंचांग माहीत नाही, पण त्या दिवसांत तिकीट स्वस्त मिळतं हे आम्हाला माहीत असतं.)

सरळ हिशोब तसा चालत नाही. क्रूझ कंपनीच्या करारात, म्हणजे तिकीट घेताना ‘मान्य’ म्हणून टिक केलेल्या त्या लांबलचक मजकुरात, हवामानासारख्या कारणाने बंदर बदलायचा किंवा गाळायचा अधिकार कंपनीने राखलेला असतो. भाड्यातले पैसे परत मिळत नाहीत. परत मिळतात ते त्या बंदराचे न भरावे लागलेले कर आणि शुल्क. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर लेव्ही, म्हणजे उतरण्याचा कर, लावली आहे. सँटोरिनी आणि मिकोनोसला जून ते सप्टेंबरात माणशी २० युरो. उतरलाच नाहीत तर ती लागत नाही. हे सगळं केबिनच्या ऑनबोर्ड खात्यावर जमा होतं, कुणी न मागता, बहुधा एक-दोन दिवसांत. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसेही तसेच. त्या चौघांना काही करावंच लागलं नाही. आम्ही मात्र प्रत्येक केबिनला शेवटच्या रात्रीच्या आत गेस्ट सर्व्हिसेसमध्ये जाऊन बिल तपासायला लावलं. जहाज सोडल्यावर अशा रकमेमागे मेल करत बसणं म्हणजे डोकेदुखी.

कॅसिनोचा संशय दरवेळी येतोच: बंदरात कॅसिनो बंद असतो, समुद्रात चालू, म्हणून मुद्दाम गाळलं. मला हे पटत नाही. सँटोरिनीसारख्या ठिकाणी जहाजाच्या स्वतःच्या सहली सगळ्यात जास्त खपतात, आणि त्या दिवशी त्यांना ते सगळे पैसे परत करावे लागले. वर दुपारच्या जेवणाला निम्मं जहाज बाहेर असेल या हिशोबाने बुफे लावलेला. आमच्या ग्रुपला सव्वा तास टेबल मिळालं नाही, जैन जेवण तर तीन वाजता आलं.

‘मग उद्या जा’ हा प्रश्न सोपा वाटतो. २०२५ पासून सँटोरिनीला दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे, जागा आधीच वाटलेल्या असतात. हेराक्लिऑनला एक दिवस आधी जावं तर तिथे त्या दिवशी बर्थ, म्हणजे धक्क्यावरची जागा, रिकामा नव्हता. आणि बदली बंदर मिळालं तरी आपल्या पासपोर्टवाल्यांचं सुख पूर्ण नसतं: ते दुसऱ्या देशात असलं आणि त्याचा व्हिसा नसला तर जहाजावरच बसून राहायचं. आमच्या ग्रुपला कुशादासीमुळे मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा काढावाच लागला होता. सिंगल एंट्रीवर तुर्कस्तानात उतरलं की परत ग्रीसमध्ये पाऊल टाकायची पंचाईत.

एका काकांच्या भाच्याने युरोपियन युनियनचा १११७/२०१० की कुठलासा नियम शोधून पाठवला. खरा नंबर ११७७/२०१०, जलमार्गाच्या प्रवाशांच्या हक्कांचा. पण उशिरा पोहोचल्याबद्दल भरपाई सांगणारी त्यातली कलमं क्रूझ प्रवाशांना लागू नाहीत, असं त्याच नियमात लिहिलं आहे. त्यापेक्षा आपला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आमच्यासारख्यांना जास्त जवळचा. त्यात तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे ठाण्यातच, दोन वर्षांच्या आत करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथे क्रूझ कंपनीचा करार जेवढा वाचला जाईल तेवढंच आमचं ब्रोशरही. ब्रोशरवर ‘सँटोरिनी दर्शन’ एवढंच असेल आणि ‘हवामानाच्या अधीन’ नसेल, तर वाऱ्याचं कारण सांगून टूर एजंट सुटेलच असं नाही. आमच्या बुकिंग फॉर्मवर ती ओळ मराठीत, सहीच्या अगदी वर होती. त्या दिवशी तिचा फोटो मी चार जणांना पाठवला.

मी पाहिलेल्या आपल्याकडच्या प्रवास विम्यांत चुकलेल्या बंदराची भरपाई नसते, बॅग उशिरा आल्याची असते. तरी जहाजाकडून सहीशिक्क्याचं पत्र घेतलं: कोणतं बंदर, कोणती तारीख, कारण काय.

दोन दिवसांनी पिरेअसला उतरल्यावर टूर मॅनेजर काकूंना घेऊन टॅक्सीने विमानतळावर गेली. बॅग मिळाली, एक चाक तुटलेलं. चाकाची तक्रार सात दिवसांत, उशिराची एकवीस दिवसांत, दोन्ही लेखी. विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल कराराची मुदत बॅग हातात मिळाल्या दिवसापासून मोजतात. ती तारीख पावतीवर लिहून घेतली. ऑपरेटरचे पैसे दहाव्या दिवशी आले, बँकेचे चार्जेस कापून. रेस्टॉरंटवाल्याशी तीन मेल झाले. पैसे परत द्यायला तो तयार नव्हता, शेवटी अर्धा अॅडव्हान्स मे महिन्याच्या ग्रुपच्या बिलात धरायला कबूल झाला. आणि त्याच मेलमध्ये त्याच्याकडून हेही लिहून घेतलं की मे महिन्यात जहाज आलं नाही आणि सकाळी आठच्या आत कळवलं, तर काही कापायचं नाही.