कर्तव्यच तर करतात, मग आभार कसले?

हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. पालकसभा आटोपल्यावर एखादी आई मागे रेंगाळते आणि म्हणते, "बाई, तुम्ही मुलांकडून आभाराच्या चिठ्ठ्या लिहून घेता ते छान आहे, पण आईवडिलांचे कसले आभार? आम्ही आमचं कर्तव्य करतो." शिक्षकांच्या खोलीत एखादे सर म्हणतात, "शिकवण्याचा पगार मिळतो आपल्याला." वर्गातलं एखादं चुणचुणीत मूल तर सरळच विचारतं, "घरचेच आहेत ना ते? मग त्यांना काय सांगायचं?" तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

या प्रश्नात तथ्य आहे, हे आधीच सांगते. घर हिशेब न ठेवता चालतं, म्हणूनच ते घर असतं. "जरा ती खुर्ची सरकव" म्हटलं की कुणीतरी सरकवतं, आणि बोलणं पुढे जातं. 2018 मध्ये सिमियन फ्लॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खंडांतल्या आठ भाषांमधली रोजची संभाषणं तपासली. घरच्यांमध्ये, मित्रांमध्ये, शेजाऱ्यांमध्ये कुणी काही मागितलं आणि ते मिळालं, तर तोंडाने आभार किती वेळा मानले जातात, हे त्यांना पाहायचं होतं. सरासरी वीस वेळांतून एखाद्या वेळी, एवढंच ते प्रमाण निघालं. एका भाषेत तर एकदाही नाही. याचा अर्थ जगभरची माणसं कृतघ्न आहेत असा मुळीच होत नाही. आपल्या माणसाने हात पुढे करणं हे सगळीकडे इतकं गृहीत असतं की त्यावर बोलायची गरजच पडत नाही. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. उठता बसता आभार मानणारं घर मलाही परकं वाटेल.

मग चिठ्ठ्या कशाला? कारण कर्तव्य म्हणून जेवढं करावं लागतं, तेवढ्यावर माणसं थांबत नाहीत. त्या पलीकडे ती जे करतात, ते कुणी करायला सांगितलेलं नसतं.

माझे वडील मला परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठवायचे. मुलीला वेळेवर उठवणं हे वडिलांचं काम, त्यात विशेष काही नाही. पण ते माझ्या खोलीतला दिवा कधी लावत नसत. बाहेरचा लावायचे, दार अर्धवट उघडं ठेवायचे, आणि तो उजेड अंगावर येऊन मी आपोआप जागी होईपर्यंत वाट पाहायचे. तेवढी मिनिटं ते स्वतःच्या झोपेतून काढत होते. शाळेत एकदा दीर्घ आजारपणानंतर मी परत आले, तेव्हा आमच्या बाईंनी वर्गासमोर माझी चौकशी केली नाही. मला ते नकोच होतं, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी माझी वही मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली, तेव्हा राहून गेलेल्या धड्यांसाठी त्यात कोरी पानं सोडलेली होती. प्रत्येक पानाच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: हे आधी कर, हे नंतर केलं तरी चालेल, हे माझ्याकडून समजून घे. राहिलेला अभ्यास पूर्ण करून घेणं ही त्यांची नोकरी होती. तो माझ्या अंगावर एकदम कोसळू नये याची काळजी त्यांच्या नोकरीत लिहिलेली नव्हती.

आभार या दुसऱ्या गोष्टीचे. उठवल्याचे नाहीत, दिवा बाहेर लावल्याचे.

एकदा हा फरक लक्षात आला की शाळेचा सगळा दिवस निराळा दिसू लागतो. वाचताना अडखळणाऱ्या मित्राच्या पुस्तकावर बोट ठेवून त्याला ओळ दाखवणारा मुलगा, आणि ते करताना स्वतः दुसरीकडे पाहणारा. रडून आलेल्या मुलीला तोंड धुवायला वेळ मिळावा म्हणून उगाच दुसरं काम सांगून वर्गाबाहेर पाठवणारे सर. घंटा द्यायच्या आधी जिन्यावर पोरं आहेत का हे डोकावून बघणारे शिपाईमामा. उशिरा आलेल्या मुलाच्या आईला दारातच "आज सगळ्यांनाच उशीर झालाय" असं सांगणाऱ्या मावशी. मी वर्षानुवर्षं शाळेत आहे आणि अशी माणसं नसलेला एकही दिवस मला आठवत नाही.

मात्र ती दिसायला सवय लागते. घरात तर फारच. 1979 मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवराबायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांनी सांगितलेले वाटे जोडले, तर बहुतेक जोडप्यांत बेरीज पूर्णाच्या पुढे गेली. ही निव्वळ बढाई म्हणावी, तर भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टींतही माणसं स्वतःचाच वाटा जास्त सांगत होती. खरं कारण साधं आहे. आपण केलेलं आपल्याला आठवतं, कारण ते करताना आपण तिथे होतो. दुसऱ्याने केलेलं आपल्यासमोर घडलेलंच नसतं. आपल्याला दिसतो तो घडी घातलेला गणवेश, घडी घालणारे हात नाहीत. म्हणून घरात प्रत्येकाला मनापासून वाटतं की आपणच जास्त करतो, आणि प्रत्येकजण प्रामाणिक असतो. हा शोध मला संशोधनापेक्षा घरगुती शहाणपणासारखा वाटतो, कारण तो कळल्यावर घरातले निम्मे रुसवे समजू लागतात.

तेव्हा चिठ्ठी लिहिणं म्हणजे प्रथम शोधणं. "आईस, तू माझ्यासाठी खूप करतेस" ही चिठ्ठी मी परत देते. रागावून नाही, फक्त विचारते, "काय करते? कालचं एक सांग." मग मूल विचारात पडतं. बराच वेळ काही सुचत नाही, आणि अचानक चेहरा बदलतो. एका मुलाने लिहिलं होतं, "मामा, तुम्ही गाडीचं दार हळू लावता, कारण माझी बहीण झोपलेली असते." त्याला शाळेत आणणाऱ्या गाडीच्या चालकांना लिहिलेली चिठ्ठी ही. ते दार रोज त्याच्यासमोर लागत होतं.

पालक विचारतात की लहान मुलांना हे शिकवायचं कसं. "काकांना थँक्यू म्हण" असं पाहुण्यांसमोर दटावून मूल ते म्हणतं आणि विसरतं. त्याने शिष्टाचार येतो, जो वाईट नाही, पण आपण बोलतोय ते हे नव्हे. जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना शाळेत कृतज्ञतेचे धडे दिले आणि त्याचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या धड्यांत मुलांना आभार मानायला सांगण्यापेक्षा तीन गोष्टींचा विचार करायला शिकवलं होतं: त्या माणसाने हे मुद्दाम तुझ्यासाठी केलं का, त्यासाठी त्याला काय सोडावं लागलं, आणि तुला त्याचा काय उपयोग झाला. हे शिकलेल्या मुलांना नंतर शाळेच्या पालक-शिक्षक संघाला आभाराची पत्रं लिहायची मुभा दिली, तेव्हा त्यांनी इतर मुलांपेक्षा बरीच जास्त पत्रं लिहिली. माझ्या अनुभवात यातला मधला प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. ताई अभ्यास घेते तेव्हा ती स्वतःचं काय बाजूला ठेवते? हे विचारलं की मुलाला ताई पहिल्यांदा वेगळी माणूस म्हणून दिसते, जिला स्वतःचीही कामं आहेत आणि कंटाळाही येतो.

आणि वयाचं भान ठेवा. पहिली-दुसरीतल्या मुलाने आवडीचं खोडरबर आणून बाईंच्या टेबलावर ठेवलं तर त्याला "आभार असे नसतात" म्हणू नका. फ्रान्झिस्का बाउमगार्टेन-ट्रामर यांनी स्वित्झर्लंडमधल्या सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की तुझी सर्वांत मोठी इच्छा कुणी पूर्ण केली तर तू त्याच्यासाठी काय करशील. 1938 मध्ये त्यांनी ती उत्तरं मांडली. लहानांपैकी बरीच जण बदल्यात एखादी वस्तू द्यायला निघाली होती. अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या उत्तरांत मात्र देणाऱ्याच्या मनाचा आणि त्याच्याशी असलेल्या नात्याचा विचार जास्त होता. खोडरबर ही त्या वयाची पूर्ण, प्रामाणिक कृतज्ञता आहे. ते घ्या, वापरा, आणि वापरताना त्याला दिसू द्या.

मोठ्यांची अडचण वेगळी असते. त्यांना सगळं कळतं, आणि तरी ते बोलत नाहीत. "त्यांना माहीतच आहे", "आता इतक्या वर्षांनी काय", "अवघडल्यासारखं होईल". अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये नेमकी हीच शंका तपासली. लोकांना आभारपत्रं लिहायला लावली, ती ज्यांना लिहिली त्यांच्यापर्यंत पोहोचवली, आणि दोन्ही बाजूंना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणारे कमी अवघडले, आणि त्यांना आश्चर्य व आनंद मात्र जास्त झाला. लिहिणारा शब्द नीट जुळले का याची चिंता करत बसतो. वाचणाऱ्याच्या मनात पोहोचते ती आपुलकी. शिक्षक म्हणून मी याला दुजोरा देते. माझ्याकडे आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या पत्रांतली भाषा कशी होती हे मी सांगू शकणार नाही. कुणी काय लक्षात ठेवलं होतं, हे मात्र मला अजून पाठ आहे.

पगार मिळतो म्हणणाऱ्या सरांना मी फ्रेंच लेखक अल्बेर कामूची गोष्ट सांगते. 1957 चं साहित्याचं नोबेल जाहीर झाल्यावर थोड्या दिवसांनी, 19 नोव्हेंबरला, त्याने आपले प्राथमिक शाळेतले शिक्षक लुई जेर्मँ यांना पत्र लिहिलं. बातमी कळल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचाच आला, असं त्यात आहे. वडील पहिल्या महायुद्धात गेलेले, आई लोकांच्या घरी साफसफाई करणारी, आणि आजीची इच्छा मुलाने लवकर कामाला लागावं ही. जेर्मँ यांनी त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी वेगळा वेळ देऊन विनामूल्य शिकवलं आणि घरी जाऊन आजीची समजूत घातली. वर्गात शिकवण्याचा पगार त्यांना मिळतच होता. आजीच्या घरी जाण्याचा नव्हता.

आता एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, कारण आभार या विषयाचा काही घरांत गैरवापर होतो. आभार मागायचे नसतात. "तुझ्यासाठी आम्ही इतकं केलं, जरा तरी जाण ठेव" असं ऐकत मोठं झालेलं मूल घरच्यांच्या प्रत्येक मायेकडे कर्ज म्हणून बघायला लागतं, आणि कर्जदाराला जमेल तितकं लांब राहावंसं वाटतं. दुसरं असं की आभार हा कामाचा मोबदला नव्हे. एकाच बाईच्या अंगावर सगळं घर टाकून तिला वर्षातून एकदा फुलं आणि भावुक संदेश देणाऱ्यांनी आधी त्यातलं काम उचलावं. मी हे मुलांनाही सांगते, अगदी याच शब्दांत नाही, पण सांगते. चिठ्ठीखाली एक रिकामी ओळ असते: यातलं मी काय करू शकतो?

त्या ओळीने चिठ्ठीपेक्षा जास्त शिकवलं आहे. एका मुलीने घरी रात्री सगळ्यांच्या उशाशी पाणी ठेवायचं काम काकूकडून मागून घेतलं. काही दिवसांनी ती मला सांगायला आली की आजीचा पेला वेगळा असतो. त्याला कान आहे, कारण आजीचा हात थरथरतो, आणि तो डाव्या बाजूला ठेवायचा, कारण तिचा उजवा खांदा दुखतो. काकूने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीने पुढच्या आठवड्याची चिठ्ठी काकूला लिहिली, आणि पाण्याचं काम स्वतःकडेच ठेवलं.