आईला घेऊन नाशिक: तीन दिवस बाहेरचं जेवण

आम्ही चिपळूणचे. आमच्याकडे आमटीत दोन मिरच्या पडल्या की ती तिखट. वर ओलं खोबरं, आमसूल. त्यामुळे फेब्रुवारीत आईला नाशिक-त्र्यंबक दाखवायचं ठरलं तेव्हा मला दर्शनाच्या रांगेपेक्षा जेवणाची काळजी जास्त होती. आई ७२ वर्षांची, पित्ताची. बरोबर माझा भाचा, नववीतला, त्याला मिसळीशिवाय दुसरं काही नको होतं.

ठाण्याला बहिणीकडे मुक्काम करून सकाळी नऊच्या एसटीने निघालो. भिवंडीपासून शहापूरपर्यंत गाडी नुसती रांगत होती. कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी करत नाशिकात उतरेपर्यंत अडीच वाजले. ही वाट पकडणार असाल तर डबा बरोबर घ्याच. आम्ही घेतला नव्हता आणि तिथेच चुकलो. भुकेच्या भरात समोर दिसलं त्या पहिल्या हॉटेलात शिरून मिसळ मागवली. मटकीचा पार लगदा झालेला, रस्सा कितीदा उकळला असेल देवाला ठाऊक. आईने दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. रात्रभर तिला जळजळ झाली. मला फार वाईट वाटलं, कारण हट्ट माझा होता.

लॉजवर सोडणाऱ्या रिक्षावाल्या काकांना हे सांगितलं तर त्यांनी आरशातून आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, मिसळ दुपारची नाही खायची. सकाळी आठला तयार राहा, मी नेतो तुम्हाला मळ्याकडं." तीन दिवसांत मिळालेला हा सगळ्यात मोलाचा सल्ला. मिसळीची उसळ पहाटे शिजते, कट म्हणजे तिखट रस्सा, तो सकाळी ताजा असतो. दुपारपर्यंत तो आटतो, मग त्यात पाणी, मग परत उकळी. म्हणून नाशिकात मिसळ हा सकाळचा नाश्ता धरा, दुपारचं जेवण नव्हे. आणि रविवार टाळा. रविवारी अख्खं नाशिक सहकुटुंब मिसळ खायला बाहेर पडतं, बसायला जागा मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी काका सांगितल्या वेळेला हजर. मखमलाबादच्या बाजूला, गावाबाहेर, पत्र्याची शेड, समोर द्राक्षांचा मळा. हवेत गारठा होता. कोपऱ्यात चूल, तिच्यावर मोठं पातेलं. ताट आलं ते बघून आई म्हणाली, "अगं, ही तर कोरडी आहे." तेच नाशिकचं वैशिष्ट्य. ताटात मोड आलेल्या मटकीची उसळ, मोड दिसतील इतकी मोकळी. त्यावर शेव. बाजूला बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड, दह्याची वाटी, भाजलेला पापड, पाव. रस्सा वेगळा. तो वाढायला मुलगा बादली आणि वगराळं घेऊन फिरत असतो. किती ओतायचा ते आपण ठरवायचं. तिखट न खाणाऱ्या माणसाला मिसळ खायची असेल तर महाराष्ट्रात याहून चांगली सोय मला ठाऊक नाही.

तरी मी त्या मुलाला सांगितलं, आईला तर्री नको. त्याने काही न बोलता वगराळ्याच्या पाठीने वरचा लाल तवंग हळूच बाजूला सारला, खालचा रस्सा काढला आणि आईच्या वाटीत अर्धाच ओतला. "आजी, आधी चाखा. मग सांगा." आईने दही कालवून सगळं ताट संपवलं, वर आणखी अर्धी वाटी रस्सा मागितला. भाच्याचं तर बघूच नका, तर्रीसकट तीन वाट्या.

रस्सा काळा की लाल, हे आधी विचारून घ्या. काळ्या मसाल्यात सुकं खोबरं आणि कांदा भाजून घातलेला असतो. त्याला खमंग, किंचित धुरकट चव येते. लाल रस्सा मिरचीचा, झणका लगेच जाणवणारा. रंगावरून घाबरू नका, आमच्या कोकणी जिभांना काळाच जास्त मानवला. कुठली मिसळ चांगली यावर नाशिककर एकमेकांशी भांडतात. साधना, श्यामसुंदर, तुषार, अंबिका, भगवंतराव ही नावं तीन दिवसांत आम्हाला कितीतरी जणांनी सांगितली. सगळीकडे जाणं जमलं नाही. तुम्ही मुक्कामाला जवळ असेल ती निवडा, पण सकाळी जा.

त्या दिवशी रामकुंड, काळाराम, गोदाघाट असं पायी फिरलो. जुन्या नाशिकच्या गल्ल्या अरुंद आहेत, गाडी आत घालू नका. बुधा हलवाईची जिलबी गरम मिळाली तर तिथेच उभ्याने खा, पार्सल करून तिची मजा जाते.

संध्याकाळी वेगळाच पेच. संकष्टी असल्याचं आईला सकाळची मिसळ खाऊन झाल्यावर आठवलं, तेव्हापासून तिचा उपास. त्यासाठी सायंताराचा साबुदाणा वडा. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, तळून लगेच हातात. गावात कोणालाही विचारा, रस्ता सांगतील. उपासाच्या माणसाला घेऊन फिरणाऱ्यांनी हे नाव लिहूनच ठेवा. पण चंद्रोदय साडेनऊच्या पुढे, आणि त्यानंतर जेवण कुठे मिळणार? आमच्या लॉजखाली एक साधी खानावळ होती. मी सात वाजताच जाऊन मालकांना सांगितलं, आईला चंद्र बघूनच जेवायचं आहे. ते म्हणाले, "या तुम्ही, पोळ्या तेव्हाच लाटतो." आम्ही पावणेदहाला गेलो तर निम्म्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आणि एका टेबलावर तीन पानं मांडलेली. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळीवर तूप. आई त्यांना नमस्कार करूनच उठली. उपास असो की पथ्य, लाजू नका, दोन-तीन तास आधी जाऊन सांगा. लहान खानावळीत माणसं ऐकतात, मोठ्या हॉटेलात तुमचं सांगणं स्वयंपाकघरापर्यंत पोचेलच असं नाही.

तिसरा दिवस त्र्यंबकेश्वर. नाशिकपासून तीसेक किलोमीटर. रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून पोटभर खाऊन निघा, पिशवीत केळी आणि पाणी ठेवा. २०२७ साली सिंहस्थ आहे. त्या काळात वयस्कर माणसांना घेऊन निव्वळ फिरायला जाणार असाल तर आधी किंवा नंतर जा.

रात्री शेवभाजी आणि बाजरीची भाकरी. खानदेश जवळ असल्याने ती इथे सगळीकडे मिळते आणि झणझणीतच असते. "मीडियम करा" म्हणून भागत नाही, कारण तिथलं मीडियम आपल्याला जाळतं. "फिकी करा" असं सांगा, आणि शेव वेगळी मागा. जाड शेव रस्स्यात आयत्या वेळी घातली तरच दाताखाली लागते. पानावर येईपर्यंत ती भिजून गेलेली असेल तर भाजी थोडा वेळ आधी वाढून ठेवलेली आहे असं समजा. सोबत ताक मागा. आईने भाकरी ताकातच कुस्करली आणि भाजी नुसती तोंडी लावली.

निघताना कोंडाजीचा चिवडा घेतला, बहिणीला एक आणि घरी दोन. द्राक्षं रस्त्याच्या कडेला क्रेटमध्ये मिळतात. घेताना देठ बघा, हिरवा आणि ताठ हवा. मण्यांवर पांढरट थर असतो तो राहू द्या, खायच्या आधीच धुवा. आणि एसटीत पिशवी मांडीवर घ्या. आम्ही सीटखाली ठेवली होती, कसारा उतरेपर्यंत तळाचे दोन घड फुटले. चिवडा वरच्या पिशवीत होता म्हणून वाचला.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी आईने मटकी भिजत घातली. रस्सा तिने तिच्याच पद्धतीने केला, ओल्या खोबऱ्याचा, पण वाढला वेगळ्या वाटीत.