मांडीवरचं तिकीट

निपाणीहून बेळगावला येणाऱ्या सरकारी बसमध्ये पोर रडायला लागलं की ते अर्ध्या बसचं होतं. संकेश्वरला चढलेली बाई "आण की गे इकडं" म्हणत हात पुढे करते, मागच्या बाकावरचा म्हातारा किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवतो, आणि "मुंदक होग्री, मुंदक होग्री" करत गर्दी पुढं सरकवणारा कंडक्टर त्याच दमात, त्याच चढ्या आवाजात "अळब्याड कूस" म्हणून जातो. रडू नको बाळा, एवढाच त्याचा अर्थ. मराठीतून गप्प न झालेली पोरं या कन्नडनं गप्प झालेली मी पाहिली आहेत. (श्रेय भाषेचं की शिट्टीचं, ते सोडून द्या.)

मागच्या महिन्यात सून सात महिन्यांच्या नातवाला घेऊन बेंगळुरूला निघाली, सोबतीला मी. विमानानं. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळाशी माझी ओळख जुनी, पण कुंपणाबाहेरची. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलानं इथं प्रशिक्षणासाठी तळ केला. पुढं आपल्या वायुसेनेची शाळा आली. लहानपणी वडील आम्हा दोघा भावंडांना सायकलवर पुढं-मागं बसवून विमान बघायला न्यायचे. विमान बहुतेक वेळा यायचंच नाही. आम्ही शेंगा खायचो आणि परत यायचो. आता २०१७ पासून तिथं काचेचं नवं टर्मिनल आहे आणि विमानं खरोखरच येतात.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला विमानात स्वतःची जागा घ्यावी लागत नाही. तिकीट असतं, तिकिटावर ऐटीत पूर्ण नाव असतं, आणि बसायला आईची मांडी. आम्ही बसल्यावर हवाईसुंदरीनं एक आखूड पट्टा आणून दिला. सुनेच्या पट्ट्यात तो ओवला, मग नातवाच्या पोटावरून फिरवून टक्कन लावला. तुळईला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीतून पोर तेवढं खाली काढून आईच्या पोटाला बांधावं, तसं ते दिसत होतं. नातवानं पट्ट्याचं टोक लगेच तोंडात घातलं. अमेरिकेत हा पट्टा चालत नाही. अपघातांची चौकशी करणारे तिथले लोक कधीपासून सांगताहेत की बाळाला स्वतंत्र आसनच द्या. तरी सक्ती होत नाही, कारण तिथल्या विमान खात्याचा हिशेब वेगळा: जादा तिकीट पडलं की घरं मोटारीनं निघतील आणि विमानात वाचतील त्याहून जास्त जीव रस्त्यावर जातील. आमच्यासारख्या पुणे-बेंगळुरू हायवेच्या काठी राहणाऱ्यांना हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही.

आमच्या बाजूच्या रांगेत एक तरुण आला. त्यानं बोर्डिंग पास पाहिला, बाळाकडं पाहिलं, आणि पुन्हा बोर्डिंग पास पाहिला. नंबर बदलला नव्हता.

त्याच्यासारख्यांची सोय करायचा प्रयत्न झालेला आहे. इंडिगोनं २०१६ साली पहिल्या चार आणि अकरा ते चौदा या रांगा 'शांत' ठरवल्या होत्या. बारा वर्षांखालच्यांना तिथं मज्जाव. तेव्हा केवढी खडाजंगी झाली होती! माझी शंका साधी आहे. पाचव्या रांगेत बसून भोकाड पसरणाऱ्या पोराला चौथ्या रांगेची हद्द कोण दाखवणार? हद्दीबद्दल आम्हा बेळगावकरांना विचारा. कोरेंडन या कंपनीनं २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमहून कुरासावला जाणाऱ्या विमानात सोळा वर्षांवरच्यांसाठी वेगळा भाग केला, तो निदान मधे आडोसा घालून. जपान एअरलाइन्सनं २०१९ पासून जागांच्या नकाशावर बाळाचं चित्र दाखवायला सुरुवात केली, म्हणजे ज्याला लांब बसायचं त्यानं बसावं. सगळ्यात मजेशीर प्रकार जेटब्लूचा. २०१६ साली मातृदिनाच्या निमित्तानं त्यांनी एका विमानात जाहीर केलं की एक बाळ रडलं की सगळ्यांना पुढच्या तिकिटावर पंचवीस टक्के सूट. म्हणजे चार रडली की तिकीट फुकट. अशा विमानात लोक बाळाला चिमटा काढायला उठले असते, आमच्याकडं तरी.

नातू पाऊण तास गुमान होता. बेंगळुरू जवळ आलं, विमान उतरायला लागलं आणि त्यानं जो टाहो फोडला! उतरताना आतल्या हवेचा दाब वाढतो आणि कानातून घशाकडं जाणारी बारीक नळी दडपते. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, कान मोकळा करतो. लहानग्याची नळी आणखी अरुंद, आणि गिळायचं कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून त्या वेळी दूध पाजायचं. पूर्वी विमानात कापूस आणि गोळ्या वाटायचे, त्यातली गोळी त्यासाठीच. सुनेनं पदराआड घेतलं, पण त्याला ते पटेना. तरुणानं कानात इअरफोन कोंबले आणि डोळे मिटले.

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण दोन वर्षांपूर्वी एकटीच दिल्लीहून येताना मी स्वतः काउंटरवरच्या मुलीला हळूच म्हटलं होतं, "लहान बाळं असतील तिथं नको हं." शाळेत तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलेली बाई मी!

चाकं टेकली आणि नातू झोपला. डोक्यावरचे कप्पे धडाधड उघडले तरी उठला नाही. सामानाच्या पट्ट्यापाशी उभ्या असताना मी सुनेला म्हटलं, "आपल्या बसमध्ये असतो तर दहा जणींनी घेतलं असतं बघ त्याला."

"घेतलं असतं," ती म्हणाली, "आणि पोट दुखतंय, टोपडं काढ, दूध कमी पडतंय काय, असं दहा जणींनी विचारलं असतं. विमानात नुसतं बघतात, आई. ते परवडलं."

मी वेखंडाचं काहीतरी सांगणार होते. पर्समध्ये लिमलेटची गोळी होती, ती तोंडात टाकली.