आमची वाटचाल: ऑइल इंजिनाच्या लायनरपासून आरडीच्या क्रँकपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आबांनी लेथ आणि बोअरिंग मशीन टाकलं ते शेतकऱ्यांच्या ऑइल इंजिनांसाठी. पंचगंगेच्या काठावरचे पाणी उपशाचे पंप, गुऱ्हाळातले चरक, सगळं डिझेलवर चालायचं. लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, घासला की ब्लॉक बैलगाडीत घालून आमच्याकडे. पुढं शिवारात विजेच्या मोटरी आल्या आणि हे काम ओसरलं. तोवर गावातले फिटर मोटरसायकलींचे सिलिंडर पिशवीत घालून दारात येऊ लागले होते. आधी राजदूत आणि यझदी, मग सुझुकी, मग यामाहाची आरएक्स हंड्रेड. आबांना काम मिळाल्याशी मतलब होता, गाडी कुठली याचं त्यांना कौतुक नव्हतं. ते माझ्या वाट्याला आलं.

या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्या, म्हणजे पिस्टनच्या एकदा वर, एकदा खाली येण्यात काम उरकणारं इंजिन. या टू-स्ट्रोकनं आमच्यासारख्या बोअरिंगवाल्यांना बरीच वर्षं पोसलं. या इंजिनात डोक्यावर व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या पाडलेल्या असतात, पिस्टन वरखाली होताना त्यांची उघडझाप करतो. पेट्रोलची वाफ आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीत, जाते, तिथून वर. त्यामुळं खाली ऑइल साठवून ठेवता येत नाही, पेट्रोलबरोबर जेवढं ऑइल जाईल तेवढ्यावरच भागवायचं. ते कमी पडलं की पिस्टन सीझ, म्हणजे जाम, जास्त झालं की सायलेन्सरमध्ये काजळीचे थर.

बोअर मारण्यात, म्हणजे घासलेला सिलिंडर आतून किंचित मोठा कापण्यात, एक बारकावा आहे, तो आबांनी मला शिकवला आणि मी आता पोरांना शिकवतो. नवा साइझ निघाला, होनिंग, म्हणजे आतून दगडानं घासणं, झालं, की काम संपलं असं वाटतं. पण बोअर मारताना खिडक्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. पिस्टनची रिंग तिथून जाताना किंचित बाहेर फुगते आणि त्या धारेत अडकली तर तुटते. म्हणून बारीक दगडानं प्रत्येक पोर्टची, म्हणजे खिडकीची, कड आतल्या बाजूनं मोडायची. आरडीच्या, म्हणजे राजदूत ३५० च्या, एका सिलिंडरला अशा सात खिडक्या, म्हणजे दोन सिलिंडरना चौदा. बोट आत घालून फिरवायचं; बोटाला कड लागली नाही तरच ब्लॉक धुवायला घ्यायचा. बिलात या कामाची वेगळी ओळ नसते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते गाळलं जातं.

मी धंद्यात उतरलो तेव्हा टू-स्ट्रोकची सद्दी संपत आली होती. धुराचे नियम कडक झाले, घरोघरी मायलेज देणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. ‘लेथ वीक आणि शोरूमची सब-डीलरशिप घे’ असा सल्ला नात्यातल्या प्रत्येकानं दिला. मी लेथ ठेवलं, कारण दुसरं काही येत नव्हतं. काही वर्षं ट्रॅक्टरच्या हेडवर आणि पंपांच्या शाफ्टवर काढली. मग वारं फिरलं. ज्यांनी कॉलेजात दुसऱ्याची आरएक्स मागून चालवली होती ती मंडळी आता कमावती झाली होती. भंगारात जाणाऱ्या गाड्या ते शोधून आणू लागले आणि इंजिन कोण नीट करेल याची चौकशी करत आमच्यापर्यंत पोचले. आधी सुट्टा ब्लॉक यायचा, मग अख्खं इंजिन, मग टेम्पोतून अख्खी गाडी.

इथपर्यंत आम्ही बाकीच्या चार वर्कशॉपसारखेच होतो. आमचं काम वेगळं झालं ते रविवारच्या रपेटीमुळे. तयार गाडी उद्यमनगरातल्या दोन गल्ल्या फिरवून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, अशी सगळीकडची पद्धत. तेवढ्यात काही कळत नाही. मी ठरवलं की इंजिन बसलं की गाडी गगनबावड्याच्या रस्त्याला न्यायची आणि सोबत त्याच जातीची किंवा तिच्या तोडीची दुसरी गाडी घ्यायची. जाताना एकीवर, येताना दुसरीवर. पहाटे निघायचं, वाटेतल्या कळे गावात चहा, तिथं चाव्यांची अदलाबदल. हळूहळू गिऱ्हाइकंही यायला लागली. आता तर गाडी नसलेलेही येतात आणि मागं बसतात.

या अदलाबदलीत जी मजा आहे ती एकच गाडी वर्षानुवर्षं चालवणाऱ्याला कळायची नाही. यझदी रोडकिंग घ्या. अडीचशे सीसी, ६५ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ चा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव), म्हणजे लांब दांड्याचं इंजिन. कागदावर १६ हॉर्सपॉवर, पण ती खालूनच मिळते. पन्हाळ्याच्या वाटेवरचा वाघबीळचा चढ चढताना गिअर न पाडता नुसती मूठ पिळली तरी बिचारी कुरकुरत नाही. डावीकडचा एकच दांडा किकही मारतो आणि गिअरही टाकतो. नवखा माणूस पहिल्यांदा तिथंच फसतो आणि आम्ही मनसोक्त हसतो. तिला ऑइल पंप नाही, टाकी भरताना टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मापून ओतावं लागतं.

तिच्यावरून उतरून आरएक्स हंड्रेडवर बसलं की आपणच हलके झालो असं वाटतं. १०३ किलोची गाडी, ९८ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५०. हॉर्सपॉवर फक्त ११, पण ओढायला वजनच नाही. दुसऱ्या गिअरला मूठ दिली की पुढचं चाक हलकं होतं आणि पोटात गोळा येतो. १९८५ च्या शेवटी आलेली ही गाडी आजही पोरांना का हवी असते, हे त्या दुसऱ्या गिअरमध्ये समजतं. सुझुकीची शोगन तिच्यापेक्षा जोरात, १०८ सीसीत १४ हॉर्सपॉवर, आवाजही जास्त टोकदार. पण वळणात मला आरएक्सचा भरवसा जास्त वाटतो. यावरून कळ्यातल्या हॉटेलात दर रविवारी भांडण होतं आणि हॉटेलवाला शोगनच्या बाजूनं असतो.

आणि आरडी. राजदूत ३५०, जपानच्या यामाहा आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून इथं बनवलेली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४, म्हणजे यझदीच्या बरोब्बर उलटा स्वभाव. खालच्या आरपीएमला ती सभ्य गाडी आहे, कंटाळवाणी म्हटलं तरी चालेल. काटा पाच-साडेपाच हजारांच्या पुढं सरकला की दोन्ही सायलेन्सरचा सूर एकदम चढतो, हात ताणले जातात आणि पुढचं वळण ठरल्यापेक्षा आधी येतं. जपानी मूळ गाडीची ताकद ३९ हॉर्सपॉवर होती. इथं मायलेजपायी ती उतरवली. आधीच्या हाय टॉर्क गाडीत साडेतीस, नंतरच्या लो टॉर्कमध्ये २७. एचटी आणि एलटी पाठोपाठ चालवल्या की हा फरक आकड्यापेक्षा मोठा वाटतो: एचटी ढकलते, एलटी सोबत नेते. रोजच्या वापराला मी एलटीच सांगतो आणि एचटीवाले मला शिव्या देतात.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे. मूळ आरडीला पुढं डिस्क ब्रेक होता, इथं ड्रम बसवला. एवढ्या पळणाऱ्या गाडीला तो अपुराच. त्यात टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावापुरतं. गगनबावड्यापुढचा करूळ घाट उतरताना हे लक्षात ठेवून चालवावं लागतं, म्हणून नवशिक्याला आम्ही आरडीवर फक्त चढाला बसू देतो.

या तुलनेतून धंद्याला मिळालं ते निदान. दोन एकसारख्या गाड्या एकाच रस्त्यावर चालवल्या की आजार लपत नाही. एक आरडी मूठ सोडल्यावरही लगेच खाली यायची नाही, आयडलिंग वर लटकायचं. दुसरीवरून उतरल्या उतरल्या हा फरक जाणवला. क्रँकचं डावं सील (हवा आत येऊ न देणारी रबरी कडी) हवा खात होतं. अशी गाडी आधी जोरात पळते, मालक खूश होतो, आणि मिश्रण पातळ झाल्यानं आठवड्याभरात पिस्टन धरतो. उजवं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढून मागं पांढरा धूर सुटतो. ते निदान सायकलवालाही करेल. पॉइंटचं, म्हणजे ठिणगी पाडण्याचं, टायमिंगही तसंच. दोन्ही सिलिंडरना प्लगच्या भोकात डायल गेज लावून टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेच्या) आधी दोन मिलिमीटरला जुळवायचं. एक बाजू जराशी चुकली तरी उभ्या गाडीत कळत नाही, पण चढावर ती दीड सिलिंडरवर चालल्यासारखी वाटते.

अडचणी सुट्या भागांच्या. मध्यंतरी एका पुरवठादाराकडून ओरिजिनलच्या डब्यात कनेक्टिंग रॉड आले, मोजले तर दोघांचं बिगएंड (क्रँककडचं टोक) वेगवेगळ्या मापाचं. तेव्हापासून डबा पाहून आम्ही काही विकत घेत नाही, मायक्रोमीटर लावूनच घेतो. क्रँक दाबून जोडायचं काम आता पूर्ण इथंच होतं, त्यासाठी प्रेस घेतला आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

काहीजण विचारतात, गाडीला विंटेजची नोंदणी करून द्याल का? २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हावी लागतात. म्हणजे सगळ्यात जुन्या राजदूत ३५० लाही २०३३ पर्यंत थांबायचं आहे. तोवर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग आणि ग्रीन टॅक्स, त्याला इलाज नाही. कागद नसलेली गाडी आम्ही उघडत नाही. सायलेन्सरमधली जाळी काढून फाटका आवाज करून द्या म्हणणाऱ्यालाही परत पाठवतो. त्या सायलेन्सरचा आकार इंजिनाचाच भाग आहे. परतणाऱ्या दाबाच्या लाटेनं ताजी वाफ सिलिंडरमध्ये कोंडली जाते. तो बिघडवला की आवाज वाढतो, गाडीचा वेग नाही.

सध्या वर्कशॉपमध्ये मी, दोन कारागीर आणि शिकाऊ पोरं. आरडीच्या इंजिनाला थांबावं लागतं, आरएक्सचं लवकर होतं. गाडी आणताना आरसी बुक, जुने पिस्टन आणि आधीच्या फिटरनं काढून ठेवलेले वायसर-सर्कलिपसुद्धा आणा, फेकू नका. रपेटीला यायचं असेल तर रविवारी पहाटे रंकाळ्याजवळ थांबा. हेल्मेट स्वतःचं आणा, आणि शोगनविषयी मत असेल तर ते चहा होईपर्यंत जपून ठेवा.