"काय होवचा नाय" म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

पावसाळा सरला की आमच्या सिंधुदुर्गात चिरेखाणी, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे चिरे कापून काढायच्या खाणी, परत सुरू व्हायची गडबड लागते. साठलेलं पाणी पंप लावून उपसायचं, मशीनला ग्रीस मारायचं, मुकादमाला फोन करून कर्नाटकातली, झारखंडातली पोरं बोलवायची, आणि काम लावायच्या आधी राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. "हय काम करतल्या लेकरांका सुखरूप ठेव रे महाराजा", की सगळे एका सुरात "होय महाराजा". मला हे मनापासून आवडतं, कारण मालक, मुकादम, मशीनवाला आणि चिरे उचलणारा सगळे एका जागी उभे राहून इथं जिवाला धोका आहे असं मान्य करतात, असं वर्षात दुसऱ्यांदा होत नाही. पुढं महिन्याभरानं तोच धोका एखाद्यानं बोट दाखवून सांगितला की मात्र उत्तर ठरलेलं असतं, "काय होवचा नाय, इतकी वर्सां करतव", म्हणजे काही होणार नाही, इतकी वर्षं करतोय.

मी मायनिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं ओपनकास्ट, म्हणजे वरून उघड्या, खाणींत फोरमन म्हणून काम केलं, त्यामुळे सेफ्टी वीक, बॅनर, शपथ, इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी चुना मारलेले दगड हे सगळं बघितलंय. हे करू नये असं मी म्हणत नाही. पण कुठल्याही खाणीत गेलो की मी एकच गोष्ट विचारतो, की इथल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाने "थांबवा" म्हटलं तर काम थांबतं का, आणि थांबलेल्या वेळेचे त्याचे पैसे कापले जातात का. ह्या दोन उत्तरांत त्या खाणीची सगळी सेफ्टी कळते, बाकी हेल्मेट किती वाटली ते नंतर बघता येतं.

चिरेखाणीतला हिशोबच बघा ना. बहुतेक ठिकाणी पैसे चिऱ्यामागे मिळतात. म्हणजे जितके चिरे सुटतील तितके पैसे, मग पात्यावरचं गार्ड लावलं की लाईन नीट दिसत नाही म्हणून ते काढून बाजूला ठेवलेलं, केबलला चार ठिकाणी टेप मारलेली आणि ती ओल्या मातीतून ओढत नेलेली, पायात स्लीपर, तोंडाला रुमाल. आपण त्या पोराला बेफिकीर म्हणतो. अरे पण केबल बदलेपर्यंत दोन तास मशीन बंद राहिलं तर त्या दोन तासांचे पैसे त्याला कोण देणार? त्याला घरी पैसे पाठवायचेत, तो धोका पत्करणारच, कारण न पत्करण्याचा खर्च आपण त्याच्याच खिशावर टाकलाय.

आणि कायदा ह्या छोट्या खाणींपर्यंत नीट पोचलाच नाही. १९५२ च्या खाण कायद्याने मुरूम, जांभा, इमारतीचा दगड वगैरे काढणाऱ्या उघड्या खाणींना बऱ्याचशा तरतुदींतून सूट दिली होती, अट अशी की खोली कुठेही ६ मीटरच्या वर नको, कुठल्याही एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नकोत आणि स्फोटकं वापरायची नाहीत. आता चिरे मशीनने कापतात, सुरुंग लागत नाही, माणसं पन्नासच्या आतच, त्यामुळे बरेच जण समजतात की आपल्याला काही लागूच नाही. पण खोली बघा! चांगला चिरा लागत गेला की खाण खाली खाली जाते, सहा मीटर कधीच मागे पडतात, म्हणजे सूटही गेली, आणि भिंत मात्र सरळ उभी, पायरी नाही की काही नाही. नियम सांगतो की माती, मुरूम असल्या भुसभुशीत जागी एक तर ४५ अंशांच्या आतला उतार द्या, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या करा आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. आपल्याकडे जांभ्याच्या वरचा मातीचा थर तसाच कडेवर ढीग मारून ठेवतात. पावसात तो पाणी पिऊन जड होतो आणि दिवाळीच्या सुमारास, वर ऊन पडलेलं असताना, खाली काम करणाऱ्यांच्या अंगावर यायचा धोका असतो, कारण तोवर सगळ्यांच्या मनातून पाऊस गेलेला असतो.

पाण्याबद्दल तर कोकणात बोलावं तितकं कमी. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावच्या लोहखनिजाच्या खाणीत साठलेलं पाणी कडा फोडून खाली गावात शिरलं, घरांत आणि बागायतीत चिखल झाला. खाणीची सेफ्टी गेटच्या आत संपत नाही हे तेव्हा सगळ्या जिल्ह्याने बघितलं. आणि सोडून दिलेल्या चिरेखाणी तर गावोगाव आहेत, भरल्या की तळ्यासारख्या दिसतात, पोरं पोहायला जातात, कडेला धरायला काही नसतं कारण भिंत सरळ कापलेली. काम संपल्यावर कुंपण घालून जाणं हे कामाचाच भाग आहे, उपकार नाही.

मी एका लोहखनिजाच्या खाणीत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. पावसाळ्यानंतर एका हेल्पर पोराने वरच्या बेंचला, म्हणजे खाणीच्या पायरीला, भेग बघितली. पोरगा नवीन, तरी धीर करून त्याने सांगितलं. मॅनेजरनी स्वतः जाऊन बघितलं आणि खालचं लोडिंग थांबवून सगळे डंपर दुसऱ्या फेसला, म्हणजे माल काढायच्या दुसऱ्या जागेला, वळवले. गंमत म्हणजे ती कडा पडली नाही. कित्येक दिवस तशीच उभी राहिली, शेवटी मशीन लावून वरून काढावी लागली, आणि प्रॉडक्शनवाले कुरकुरायला लागले की उगाच माल गेला. तर मॅनेजरनी शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर त्या पोराला पुढे बोलवलं आणि म्हणाले, "ह्याने सांगितलं ते बरोबर केलं, कडा पडो न पडो, परत दिसलं तर परत सांगायचं." बस, एवढंच. पण पुढच्या काही आठवड्यांत माझ्याकडे जी माणसं यायला लागली! कोण म्हणतो ब्रेक नरम लागतोय, कोण म्हणतो डंपच्या, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाच्या, कडेचा बांध चाकाच्या निम्म्यालाही येत नाही, कोण म्हणतो रिव्हर्स हॉर्न वाजत नाही. हे सगळं आधीपासून होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या एका ठिकाणी ह्याच्या बरोब्बर उलट बघितलं. ब्रेकची तक्रार करणाऱ्या ड्रायव्हरला "मग घरी बस" असं सांगितलं गेलं. तिथलं नियर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर कोरं करकरीत होतं आणि ते अभिमानाने दाखवायचे. कोरं रजिस्टर बघितलं की मला भीती वाटते.

आपल्या किनाऱ्यावर ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही खरं तर. होडीवरचा सगळ्यात लहान खलाशी जरी म्हणाला की वारा फिरलाय, तरी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, एकदा आभाळाकडे बघतोच. खाणीत आपण तेवढंही करत नाही.

कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याकडच्या सिलिका वाळूच्या खाणींचं वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात सांगतो कारण हे राहून चालणार नाही. दरड कोसळली की दिसते, सिलिकाची बारीक धूळ दिसत पण नाही. ती फुप्फुसात जाऊन बसते, तिथं व्रण होत जातात, आणि माणूस काही वर्षांनी जिना चढताना धापा टाकायला लागतो. बऱ्याचदा टीबी समजून औषधं चालू होतात. ह्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, तो बरा करणारं औषध नाही, त्यामुळे धूळ उडू न देणं हाच उपाय, म्हणजे पाणी मारणं, ओलं काम करणं, चाळणी झाकणं आणि चांगला मास्क. रुमालाने ती धूळ अडत नाही. आणि बाहेरून आलेला मजूर आजारी पडतो तेव्हा तो त्याच्या गावी असतो, इथल्या कुठल्या कागदावर त्याची नोंद नाही, म्हणून आपल्याकडे "कोणाला काही झालं नाही" हे म्हणणं इतकं सोपं जातं. निदान कामावर घेताना एक्स-रे काढा आणि ठरावीक काळाने परत काढा.

ट्रेनिंगचंही तसंच. कन्नड बोलणाऱ्या पोरांना मराठीत अर्धा तास भाषण देऊन सह्या घेतल्या तर ते ट्रेनिंग झालं असं मी मानत नाही. त्यांच्यातलाच एक जुना माणूस मशीनपाशी उभा करा, त्याला त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या आणि त्याला दाखवू दे.

सध्या आमच्या भागातल्या काही चिरेखाणवाल्यांशी माझं बोलणं चालू आहे. मागणी साधी आहे, सीझन सुरू करताना गाऱ्हाणं झालं की तिथंच उभे असलेल्या सगळ्यांनी मिळून खाणीला एक फेरी मारायची, ज्याला जे दिसेल ते त्याने बोलायचं, आणि धोका दिसला म्हणून मशीन थांबलं तर त्या वेळेची मजुरी सरासरीने द्यायची. एक जण तयार झालाय. बाकीचे म्हणतात परवडणार नाही, पोरं मुद्दाम मशीन बंद ठेवतील. मी म्हटलं एक महिना करून बघा, किती वेळा थांबलं आणि कशासाठी ते वहीत लिहा, मग त्या वहीवर बोलू. दसऱ्यानंतर परत जाणार आहे त्यांच्याकडे.