शरदातली सह्याद्रीची रांग: राजहंसगड ते चोर्ला

पाऊस परतल्यापासून दिवाळीपर्यंत बेळगावच्या पश्चिमेकडची डोंगररांग जितकी स्वच्छ दिसते, तितकी ती उन्हाळ्यात कधीच दिसत नाही. काश्मीरच्या चिनारांसारखी इथली झाडे तांबडी होत नाहीत. रंग पालटतो तो माळावरच्या गवताचा आणि शिवारातल्या भाताचा, त्यामुळे छायाचित्रकाराची नजर झाडांच्या शेंड्यांपेक्षा खाली असायला हवी. ऑक्टोबरअखेरीस आम्ही राजहंसगड, कणकुंबी आणि चोर्ला घाट असा प्रवास केला आणि कोणत्या ठिकाणी कधी पोहोचायचे हे उन्हाच्या दिशेवरून ठरवले. मागून जाणाऱ्यांनीही तसेच करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे, कोकण-गोव्याच्या बाजूला तुटतो आणि बेळगावकडे पठार हळूहळू उतरत जाते. म्हणून सकाळ पठारावर काढावी आणि संध्याकाळ कड्यावर.

येळ्ळूरचा राजहंसगड शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर असून गाडी वरपर्यंत जाते. या दिवसांत सूर्य सव्वासहा-साडेसहाला उगवतो, पण अर्धा तास आधीच तटावर उभे राहावे. सूर्य पाठीशी घेऊन पश्चिमेकडे पाहिले की दूरच्या रांगा उजळत जातात. त्यांच्यासाठी ७०-२०० मिलिमीटरची लेन्स उत्तम, कारण ती एकामागच्या एक रांगा जवळ आणते. खरी श्रीमंती मात्र पायथ्याच्या शिवारात आहे. हा बेळगाव बासमतीचा मुलूख. तिरप्या उन्हात प्रत्येक बांधाची सावली वेगळी उमटते, कापलेल्या वाफ्यांत पेंढ्या पसरलेल्या असतात आणि उभ्या पिकात वाकलेल्या लोंबीच्या टोकाला दहिवराचा थेंब धरून असतो. तो टिपायचा तर खाली बसून सूर्याच्या दिशेने कॅमेरा धरावा. सुगीच्या घाईत असलेल्या मामा-मावशींना विचारल्याशिवाय बांध ओलांडू नये आणि त्यांचा फोटोही घेऊ नये.

दुपारचे ऊन सपाट असते. तो वेळ जांबोटीमार्गे कणकुंबीला जाण्यात घालवावा. मलप्रभेचा उगम इथलाच, शेजारी माउलीचे देऊळ आहे.

चोर्ल्याला चारपर्यंत पोहोचावे. सकाळभर सावलीत राहिलेल्या कड्यावर आता ऊन येते. सूर्य पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला मावळत असल्यामुळे थेट समोर न पाहता उत्तरेकडच्या सोंडांकडे कॅमेरा वळवला, तर बाजूच्या उजेडाने त्यांच्या घळी खोल दिसतात. पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा फिल्टर) गवतावरची चकाकी काढून त्याचा सोनेरी रंग गडद करतो. मात्र २४ मिलिमीटरपेक्षा कमी आकड्याच्या, म्हणजे अधिक रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सवर तो आकाशात एका बाजूला काळपट डाग पाडतो, तेव्हा तिथे काढून ठेवलेला बरा. दरीत धुके असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉपपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त दुप्पट उजेडापर्यंत, वाढवावे. वारा जोराचा असल्याने ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला बॅग अडकवावी आणि कड्याच्या काठापासून दूर राहावे.

भीमगड हे २०११ मध्ये घोषित झालेले अभयारण्य याच पट्ट्यात आहे. तिथे जायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि ड्रोन घरीच ठेवावा. इंधन, पाणी आणि जेवणाची सोय जांबोटीच्या अलीकडेच करावी, घाटात मोबाईलच्या रेंजवर विसंबू नये. सहाच्या सुमारास सूर्य मावळला की पुढची वीस मिनिटे आकाशातला रंग टिपावा आणि लगेच परतावे, कारण रात्री वळणांवर धुके उतरते.