पाचचं सेशन

गुरुवार, रात्र

आज सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे ज्येष्ठ थेरपिस्टपुढे आपल्या केसेस मांडायच्या बैठकीत, एकदाचं बोलून टाकलं. तीन आठवडे टाळत होते, दरवेळी दुसरीच केस काढून बसायचे.

त्या क्लायंटबद्दल इथे काही लिहिणार नाही. स्वतःच्या वहीतसुद्धा तो अधिकार मला नाही. माझ्याबद्दल लिहिते. बुधवारी पाचच्या सेशनआधी मी आरशात बघते, हे आधी लक्षात आलं. मग पन्नास मिनिटांची साठ व्हायला लागली, आणि विषयच तसा होता म्हणून मी स्वतःची समजूत घालत राहिले. सगळ्यात वाईट म्हणजे एक अवघड प्रश्न मी दोनदा गिळला. विचारला असता तर ते दुखावले असते आणि कदाचित मी त्यांना आवडेनाशी झाले असते. म्हणजे त्या तासाला उपचार चालला होता तरी कुणाचा?

फ्रॉइडने १९१५ मध्येच बजावून ठेवलंय, पेशंट प्रेमात पडला तर ती उपचाराच्या परिस्थितीची करणी, डॉक्टरने स्वतःच्या रूपगुणांवर जाऊ नये. आणि १९८६ चं ते अमेरिकेतलं सर्वेक्षण तर मला पाठ आहे. ५७५ थेरपिस्ट, त्यातल्या ८७ टक्क्यांना कधी ना कधी क्लायंटबद्दल आकर्षण वाटलेलं. ६३ टक्के त्यापायी अपराधी, अस्वस्थ किंवा गोंधळलेले. शिकणाऱ्यांना हे आकडे मीच सांगते, लाजू नका म्हणते. स्वतःवर आलं तेव्हा मात्र उरलेल्या १३ टक्क्यांत जाऊन बसले होते.

कृती करायचा प्रश्नच नव्हता, ती रेघ पक्की आहे. भीती वेगळीच होती. सुपरव्हिजनच्या मॅडम ही केस दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगतील.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तो गिळलेला प्रश्न कोणता?"

सांगताना घसा दाटला. तो प्रश्न एकटेपणाबद्दल होता. गेल्या वर्षभरात मला स्वतःला कुणी तो विचारलेला नाही.

"त्यांना हे सांगू का?" मी विचारलं.

"ओझं कुणाचं हलकं होईल?"

गप्प बसले. माझीच थेरपी पुन्हा सुरू करायची, असं ठरलं. केस सध्या माझ्याकडेच. पुढचे काही आठवडे सुपरव्हिजनमध्ये आधी तीच बोलायची.

बुधवारसाठी घड्याळ समोरच्या फळीवर हलवलंय. प्रश्नही कागदावर लिहून ठेवलाय. आरशाचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.